वेळ न दाखवणारं घड्याळ

अप्पांच्या स्विचघरात जाताना पायातलं काढावं लागे, पण अनवाणी आत जायची परवानगी नव्हती. दाराशी बाभळीच्या खडावांचे सात जोड ओळीनं मांडलेले असत. त्यातला एक पायात चढवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. हा नियम इंजिनात तेल घालणाऱ्याला होता, माझ्या वडिलांना होता आणि कारखान्याच्या शेटजींनाही होता. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे रबरी चटया मिळत नव्हत्या, आणि कोरड्या लाकडातून वीज जात नाही, एवढंच कारण अप्पा सांगत. एकदा शेटजी हैदराबादचे पाहुणे घेऊन आले. शेरवानी सावरत त्यांनी खडावा घातल्या आणि दुसऱ्याच पावलाला एकाचा तोल गेला. त्यानं अप्पांचा खांदा पकडला. अप्पा म्हणाले, "धरा, धरा. मला धरलेलं चालतं. त्या तांब्याच्या पट्टीला तेवढं धरू नका."

शेटजी नंतर वडिलांजवळ कुरकुरले. वडिलांनी अप्पांना सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि शेटजींच्या मापाचा एक नवा जोड करवून घेतला.

आमचा कारखाना जिन नावाच्या यंत्रांवर कापसातली सरकी काढण्याचा आणि गाठी बांधण्याचा. दिवाळी झाली की येरमाळ्यापासून गाड्या येऊ लागत आणि रस्त्याच्या कडेला बैल सोडून माणसं तिथेच चूल मांडत. वडील मॅनेजर होते. त्यांचं शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दूतून झालेलं. मोडीही ते भराभर लिहीत. इंग्रजीचा संबंध सहीपुरता. मी मात्र सिकंदराबादला मामांकडे राहून मिशनच्या शाळेत शिकले आणि मॅट्रिक होऊन घरी आले. घरी आल्यावर मी फारशी बोलत नसे. माझं मराठी ऐकून मावश्या हसत, म्हणून तोंड मिटून राहायची सवय लागली होती. कारखान्याच्या आवारात इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं, एवढ्याच कारणानं अप्पांची आणि माझी ओळख झाली.

ते जळकोटकडचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंगात खाकी अर्धी बंडी. माणसांशी मराठी बोलत आणि यंत्रांशी कानडी. त्यांचं आडनाव मला आजही माहीत नाही. सगळे अप्पाच म्हणत. इंजिनाची नाडी बघायला ते एक चिंचेची काठी वापरत. तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं, डोळे मिटायचे. त्या वेळी शेटजी जरी बोलायला आले तरी उत्तर मिळत नसे, कारण तोंडात काठी असे. वडील म्हणत, बरेचदा अप्पा शेटजी येताना दिसले की काठी तोंडात घालतात.

कारखान्यात वीज तयार करणारं एकच यंत्र होतं. ज्या वर्षी लढाई संपली त्या वर्षी शेटजींनी सोलापूरच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून दुसरं विकत घेतलं. अप्पांनी जुन्याचं नाव थोरला ठेवलं आणि नव्याचं धाकला, जरी धाकला वयानं मोठा होता. धाकल्याबरोबर लोखंडी फळा आला आणि त्या फळ्यावर इतर दोन-तीन डब्यांबरोबर एक रिले होता. हातभर उंचीची काळी डबी, समोर काच, काचेआड ॲल्युमिनियमची एक पातळ चकती. सोलापूरची हद्द इंग्रजांची, आमची निजामाची. मधल्या करोडगिरीच्या नाक्यावरच्या कारकुनानं डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि जकातीच्या कागदावर उर्दूत 'घड्याळ, काटे नसलेलं' असं लिहिलं. कारखान्यात तेच नाव पडलं. अप्पांनाही ते आवडलं. म्हणायचे, "ह्ये घड्याळ येळ सांगत न्हाय. येळ आली का तेवढं सांगतंय."

त्या फळ्याचं एक इंग्रजी पुस्तक होतं. पानांना तेलाचे डाग. ते फडक्यात बांधून अप्पा संध्याकाळी उन्हं कलली की आमच्या ओसरीवर येत आणि मी त्यांना वाचून, मराठी करून सांगत असे. आई दाराआड बसे. अप्पा मला अक्का म्हणत आणि तुम्ही म्हणत. मी अठरा वर्षांची आणि ते साठीच्या जवळ, तरी. मी एखादं वाक्य धड सांगितलं की 'हौदु', म्हणजे हो, म्हणत आणि कागदावर कानडीत काहीतरी टिपून घेत. माझ्या मराठीला न हसणारा गावातला तो पहिला माणूस.

दोन यंत्रं एकाच तारेवर जोडून चालवायची म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कळेना. वाक्यं कळत होती, गोष्ट कळत नव्हती. मी वाचत होते खरी, पण माझ्या आवाजावरून अप्पांना ते कळलं असावं. त्यांनी पुस्तक बंद केलं, आईला हाक मारली आणि म्हणाले, "वैनी, जरा जात्यावर बसा. अक्कांना बी घ्या."

आईला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. पण ती बसली. मी समोर बसले. दोघींनी एकाच खुंट्याला हात घातला आणि जातं फिरू लागलं.

"दोघी जोर लावताय?"

"व्हय," आई म्हणाली.

"आता अक्का, हात काढू नका. जोर काढा."

मी जोर सोडला. हात खुंट्यावर तसाच राहिला आणि गोल गोल फिरत राहिला. बाहेरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता. आई मात्र दोन फेऱ्यांतच धापा टाकू लागली.

"बगा," अप्पा म्हणाले. "वैनी आता दाणं बी दळायल्यात आनि तुमचा हात बी ओढायल्यात. तुमी दळता असं सगळ्यास्नी वाटतंय. धाकल्याचं इंजन दमलं, तेल सरलं, काय बी झालं, तर धाकला असाच हात ठेवून फिरत ऱ्हातो. थोरला त्याला ओढतो. जोर जातोय का येतोय, ह्ये एकट्या घड्याळाला कळतं. वीज भाईर जाती तवर चकती गप. उलटी आत याया लागली की चकती फिरती आनि खटका पाडती. धाकला मोकळा. थोरल्याच्या डोक्यावरचं वझं गेलं."

आईनं विचारलं, फळ्यावरची बाकीची डबडी कशाला मग? अप्पांनी तिलाही सगळं सांगितलं. एक डबी अति भार झाला तर तोडते, आणि भार जेवढा जास्त तेवढी लवकर तोडते. दुसरी, यंत्राच्या आत जेवढी वीज शिरली तेवढीच बाहेर पडली का ते बघते. मधे गळती असली तर क्षणभर थांबत नाही. आईनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हणजे घरात एक सासू असती तसं. अप्पा खूप वेळ हसत होते.

पुढच्या आठवड्यात वाचताना जोडणीचं चित्र आलं. रिलेच्या पाठीवर चार खिळे होते; दोन एकाखाली एक, दोन शेजारी शेजारी. खिळ्यांवरचे आकडे घासून गेलेले, त्यामुळे सगळी भिस्त चित्रावर. मी तारा एकेक करून सांगितल्या, अप्पांनी टिपल्या. चित्राखाली बारीक तिरप्या अक्षरांत एक ओळ होती. तिच्यातले दोन शब्द मला येत नव्हते.

अप्पांनी बोट ठेवून विचारलं, "ह्ये बारकं काय हाय?"

मी म्हणाले, "काही नाही. चित्राचं नाव आहे."

मला येत नाही, असं म्हणायला हवं होतं. गावात सगळे मला इंग्रजी शिकलेली म्हणून ओळखत. त्याशिवाय माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नव्हतं. अप्पांनी तर त्या इंग्रजीवर शंका घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं.

हंगाम सुरू झाला. धाकला थोरल्याला जोडायचा पहिला दिवस मी स्विचघराबाहेर उभी राहून खिडकीतून पाहिला. दोन यंत्रांच्या मधे तीन दिवे टांगलेले होते. दोघांची चाल जुळत आली की ते सावकाश उजळत, सावकाश विझत. अंधाराच्या अगदी मधोमध खटका लावायचा. अप्पा खडावांवर ताठ उभे राहून कानडीत मोजत होते, ओंदु, एरडु, मूरु, आणि दिवे विझले तसा हात खाली आला. यंत्रं जोडली गेली ती कळलीसुद्धा नाहीत. बाहेर बायकांनी जिनांवर कापूस टाकायला सुरुवात केली. अप्पांनी धाकल्यावर भार चढवला आणि रिलेनं खटका पाडला.

परत जोडलं. परत पडला. त्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी सहा वेळा. खटका पडला की सगळा भार एकदम थोरल्यावर येई, तो घुसमटे, अर्धे जिन बंद करावे लागत. रस्त्यावर गाड्यांची रांग वाढत गेली. अप्पांनी इंजिन तपासलं, तेल तपासलं, काठी दातांत धरून सगळी बेअरिंगं ऐकली. धाकल्यात काही दोष सापडेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना वडिलांनी सकाळची हकीकत सांगितली. शेटजी स्विचघरात आले होते. खडावा न घालता, उंबऱ्याबाहेर उभे राहूनच बोलले. त्या घड्याळाच्या चकतीला दोरा बांधा आणि कारखाना चालू द्या, असा त्यांचा हुकूम. अप्पा नाही म्हणाले. शेटजी म्हणाले, मग सोलापूरहून दुसरा मिस्त्री बोलावतो, तो बांधेल, तुम्ही आपलं बोचकं बांधा. तार करायला माणूस गेलासुद्धा.

"अप्पा काय म्हणाले?" आईनं विचारलं.

 वडील म्हणाले, अप्पांनी आजवर कोणाला सांगितली नव्हती ती गोष्ट सांगितली. तरुणपणी ते एका मोठ्या गिरणीत होते. तिथे चार यंत्रं एका तारेवर चालत. एकाचा रिले वरचेवर पडे, म्हणून साहेबानं त्याला दोरा बांधायला सांगितलं. पुढे महिन्याभरानं त्या यंत्राच्या इंजिनाचं बेअरिंग जळालं. इंजिनाला थांबायचं होतं, बाकीच्या तिघांनी त्याला थांबू दिलं नाही, ओढत राहिले. दांडा मोडून पत्रा फोडून बाहेर आला. शेजारी तेलवाला उभा होता, तो वाचला नाही.

"एवढं सांगून म्हणाले, 'दोरा म्या बांधला होता,'" वडील म्हणाले. "आणि परत बांधणार नाही म्हणाले. शेटजींनी तार मात्र परत बोलावली नाही."

मी ताटावरून उठले. हंगाम सुरू झाल्यापासून पुस्तक आमच्याच घरी, देवळीत राहिलं होतं. मी ते काढलं, शाळेत बक्षीस मिळालेला शब्दकोश काढला आणि ती तिरपी ओळ काढून बसले. दोन शब्दांना दहा मिनिटं लागली. ओळीचा अर्थ एवढाच होता की, हे चित्र रिलेच्या पाठीमागून पाहून काढलेलं आहे.

अप्पांनी ते समोरून काढलेलं धरलं होतं. ते नेहमीसारखे काळजीनं वागले होते. पाठीमागे जाऊन तारा जोडताना त्यांनी डावं-उजवं आठवणीनं फिरवून घेतलं होतं. एकाखाली एक असलेल्या खिळ्यांना त्यानं काही झालं नाही. शेजारी शेजारी असलेल्या दोन खिळ्यांच्या तारा मात्र उलट्या बसल्या. रिलेला बाहेर जाणारी वीज आत येताना दिसत होती. धाकला काम करू लागला की तो खटका पाडत होता, आणि धाकला नुसता हात ठेवून फिरला असता तर गप्प बसला असता. तो त्याचं काम चोख करत होता. त्याला उलटं शिकवलं होतं ते मी.

मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी जाऊन सांगतो. मी म्हणाले, नाही, मी येते. 

कारखान्याच्या आत मी तोवर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जिनांवरच्या बायका माना वळवून बघत होत्या. स्विचघराच्या दाराशी मी चपला काढल्या आणि सगळ्यात लहान दिसला तो खडावांचा जोड घातला. शेटजी आत होते. बहुधा शेवटचं समजवायला आले असावेत. मी पुस्तक उघडून अप्पांसमोर धरलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काय लिहिलंय ते सांगितलं. आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता, म्हणून अप्पांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं.

अप्पा फळ्याच्या मागे गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता. ते शेटजींना म्हणाले, तारा बदलायच्या आहेत, पण आत्ता नाही.

शेटजी वैतागले. दोष सापडला तर आता कशाची वाट बघायची?

"आदी दोष डोळ्यांनी बगा," अप्पा म्हणाले. "न बगता दुरुस्त केला तर उद्या परत दोराच आठवंल तुमास्नी."

ही त्यांची कामाची रीत होती. जो दोष सगळ्यांसमोर दाखवता येत नाही तो सापडलाच नाही, असं ते मानत. त्यांनी धाकला जोडला, पण भार दिला नाही. फळ्यावरचा वीज मोजणारा काटा शून्यावर ठेवला, म्हणून खटका पडला नाही. मग त्यांनी तेलवाल्याला खूण केली आणि त्यानं धाकल्याच्या इंजिनाचं तेल बंद केलं.

इंजिनाचा धडधडाट थांबला. नळीतून येणारा धूर थांबला. पण चाक फिरतच राहिलं, त्याच वेगानं, बिनआवाजाचं. मी इतकं विचित्र काही पाहिलं नव्हतं. काटा शून्याच्या खाली गेला होता. रिलेची चकती गप्प होती.

"शेटजी, तेल बंद हाय," अप्पा म्हणाले. "मग ह्याला कोन फिरवायलंय?"

शेटजींनी चाकाकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "थोरला?"

"हौदु. सोलापूरवाल्यानं दोरा बांधला असता तर इंजन दमल्यावर ह्येच चाललं असतं. तुमास्नी कळलं बी नसतं."

त्यांनी यंत्रं थांबवली, दोन तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा जोडलं. ओंदु, एरडु, मूरु. धाकल्यावर भार चढवला. अर्धा, मग पुरा. बाहेर सगळे जिन चालू झाले आणि खटका पडला नाही. अप्पा तिथेच थांबले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी जिन अर्ध्यावर आणायला लावले आणि पुन्हा तेल बंद करायला सांगितलं. चकती हलली, सावकाश फिरली, आणि दोन श्वासांच्या आत खटका पडला. धाकला मोकळा होऊन मंदावत गेला. थोरला चालत राहिला. एकही दिवा मिणमिणला नाही.

शेटजींनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं आणि विचारलं, चूक कोणाची होती मग?

"तारा म्या जोडल्या," अप्पा म्हणाले.

ते तेवढ्यावर थांबले. मीही थांबले असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. सोलापूरच्या मिस्त्रीला तार गेली होती, आणि चूक अप्पांची ठरली असती तर शेटजींना त्याला ठेवून घ्यायला कारण मिळालं असतं.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "त्या ओळीतले शब्द मला येत नव्हते. अप्पांनी विचारलं तेव्हा मी काही नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मी सांगितलं तसंच जोडलं."

शेटजींनी माझ्याऐवजी वडिलांकडे पाहिलं. मुलीच्या जातीला हे काम नाही, असं काहीसं ते बोलू लागले. अप्पांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. आजवर त्यांनी शेटजींचं बोलणं तोडलेलं मी ऐकलं नव्हतं.

"अक्का वाचतील, म्या जोडीन," ते म्हणाले. "सोलापूरवाल्याला आपली चूक आपल्या तोंडानं सांगता येती का, त्ये आदी इचारा. मग त्याला ठिवा."

शेटजी खडावा काढून निघून गेले. वडिलांनी मला घरी चल म्हटलं नाही. ते जिनघराकडे गेले आणि मी तासभर तिथेच उभी राहून दोन्ही यंत्रं चालताना पाहत होते.

मला वाटलं होतं, अप्पा मला समजावतील. मनाला लावून घेऊ नका म्हणतील. ते दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना पुस्तक मागायला आले आणि ओसरीवर बसले. म्हणाले, पहिल्या पानापासून वाचा. आधी वाचलेलं सगळं परत. छापखान्याचं नाव आणि पत्तासुद्धा.

मी वाचू लागले. तिसऱ्याच पानावर एक शब्द अडला. मी थांबले.

"मला हा येत नाही," मी म्हणाले.

अप्पांनी खिशातून लाल पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "मग खूण करा. फुडं चला."

पुस्तक संपेपर्यंत नऊ खुणा झाल्या. अप्पांनी त्या मोजल्या आणि वडिलांना सांगितल्या, जसं कोणी मुलीला मिळालेले गुण सांगतं. शब्दकोशातही ते नऊ शब्द नव्हते.

तारा बदलल्यावर चौथ्या दिवशी सोलापूरचा मिस्त्री आला. कोट, टोपी, हातात कातडी पेटी. शेटजींनी त्याला परत पाठवायचं ठरवलं होतं. पण अप्पांनी त्याला आग्रह करून थांबवून घेतलं, जेवू घातलं, खडावा घालायला लावून धाकला दाखवला आणि मग घेऊन आले ते आमच्या ओसरीवर. मी दाराआड होते. अप्पांनी मला बाहेर बोलावलं. पुस्तक उघडून त्यांनी पहिली लाल खूण त्याच्यापुढे धरली.

"ह्या आमच्या अक्कांच्या खुणा," ते म्हणाले. "ह्यांनी पुरं पुस्तक वाचलंय. एवढंच न्हाय आलं. तुमी सांगा."

त्या माणसाला पहिले चार शब्द आले. त्यानं ते नीट समजावले, मी लिहून घेतले. पाचव्यावर तो थबकला. पान जवळ धरलं, लांब धरलं, आणि म्हणाला, हे काही विशेष नाही, कंपनीचं काहीतरी असेल.

अप्पा माझ्याकडे बघून हसले नाहीत. त्यांनी खिशात हात घातला, पेन्सिल काढली आणि अगदी आदरानं त्याच्यापुढे केली.

"मग तुमी बी खूण करा," ते म्हणाले.